ग्रास व्हॅलीतलं खाणकामगाराचं जुनं घर: पावणेतीन वर्षं भाड्याने राहून लिहिलेला रिव्ह्यू

आधीच सांगून टाकते, घराला साडेतीन स्टार, गावाला साडेचार, आणि पहिल्या वर्षीच्या लाकूडवाल्याला शून्य. आता सविस्तर.

जुलै २०२१ ते मार्च २०२४ आम्ही कॅलिफोर्नियात ग्रास व्हॅलीला राहिलो, मी, नवरा आणि आमची तेव्हा पाच वर्षांची मुलगी, मधे सहा महिने सासूबाई. खूप जण विचारतात की ती गोल्ड रशची जुनी गावं फोटोत एवढी गोड दिसतात तर तिथं राहायला जावं का. वीकेंडला जाऊन आइस्क्रीम खात फिरणं वेगळं आणि पन्हळीतल्या पाइनच्या काड्या शिडीवर चढून काढणं वेगळं, एवढं डोक्यात ठेवून पुढचं वाचा.

कॅलिफोर्निया म्हटलं की आपल्याकडच्यांना समुद्र आठवतो. हे गाव समुद्रापासून खूप आत, सॅक्रामेंटोच्या ईशान्येला साधारण साठ मैलांवर, सिएरा नेवाडाच्या पायथ्याला २,४०० फुटांवर आहे. तिथून हायवे ४९ जातो, सोनं शोधायला १८४९ साली जे लोंढे आले त्यांना फोर्टीनाइनर म्हणतात त्यावरूनच हा नंबर. सोनोरा, एंजल्स कॅम्प, जॅक्सन, सटर क्रीक, प्लॅसरव्हिल, ऑबर्न, ग्रास व्हॅली, नेवाडा सिटी, सगळी एका दोऱ्यात ओवल्यासारखी ह्याच रस्त्यावर आहेत. २४ जानेवारी १८४८ ला जेम्स मार्शल नावाच्या सुताराला कोलोमाला लाकूड कापायची गिरणी बांधताना पाण्याच्या चरात पिवळं काहीतरी चमकताना दिसलं, आणि पुढच्या दोनचार वर्षांत ही सगळी गावं उभी राहिली. त्या काळातली दुसरी बरीच गावं सोनं संपल्यावर ओसही पडली. ग्रास व्हॅली टिकलं, कारण इथलं सोनं नदीच्या वाळूत कमी आणि जमिनीखाली गारगोटीच्या शिरांमध्ये जास्त. ते काढायला खोल खाणी लागतात, यंत्रं लागतात, पगारी माणसं लागतात. म्हणून इथं तंबूंच्या जागी घरं आली. आमचं घर त्यातलंच एक.

आम्ही तिथं कसे पोचलो तर नवऱ्याच्या नोकरीमुळे. टीव्ही स्टेशनमध्ये कॅमेरे बदलायला जे स्विचर वापरतात ते बनवणारी कंपनी ह्या जंगलात १९५० च्या दशकाच्या शेवटी सुरू झाली आणि तिच्या आसपास आणखी व्हिडिओ कंपन्या उगवल्या, त्यामुळे चौदा हजार वस्तीच्या गावात इंजिनिअरला काम मिळतं. त्याला ऑफर आली तेव्हा मी मॅप बघून म्हटलं होतं, इथं तर काहीच नाहीये. तो म्हणाला झाडं आहेत. त्या झाडांबद्दल पुढे लिहितेच.

घर १८९० च्या सुमाराचं, मालकीणबाईंच्या म्हणण्याप्रमाणे. त्यांचे आजोबा कॉर्नवॉलहून खाणीत कामाला आलेले. इंग्लंडच्या नैऋत्य टोकाला कॉर्नवॉल, तिथं कथील आणि तांब्याच्या खाणी बसल्या आणि तिथले लोक जिथं खड्डा तिथं कामाला गेले, इथं त्यांना कझिन जॅक म्हणायचे. दोन बेडरूम, पुढे व्हरांडा, मागे उतार, खाली दगडी तळघर, भाडं सुरुवातीला २,३५० डॉलर. पहिल्यांदा बघायला गेलो तेव्हा खिडक्यांच्या जुन्या काचा, त्यातून बाहेरचं झाड थोडं लाटांसारखं हलताना दिसतं, मी तिथंच पाघळले. नवरा व्यवहारी, त्याने भिंतीवर टकटक करून बघितलं. प्लास्टरमागे लाकडी पट्ट्या, त्यामागे काहीच नाही, म्हणजे इन्सुलेशन शून्य. खिडक्या एकपदरी काचेच्या, दोरी आणि लोखंडी वजनावर वर सरकणाऱ्या, त्यातल्या दोघींच्या दोऱ्या तुटलेल्या, त्यामुळे उन्हाळ्यात खिडकी उघडायची म्हणजे लाटण्याचा टेकू. खरंच सांगते, माझं एक लाटणं पावणेतीन वर्षं त्याच कामाला होतं.

जमीन सरळ नव्हती. आमच्या आधी शंभरेक वर्षं घर हळूहळू मागच्या उताराकडे झुकत आलेलं. स्वयंपाकघरात तव्यावर तेल सोडलं की ते एका बाजूला जाऊन बसायचं, डोसा एका कडेला कुरकुरीत आणि दुसऱ्या कडेला पांढरा. मी शेवटी गॅसच्या जाळीखाली दोन नाणी ठेवली. एक क्वार्टर आणि एक निकेल, बरोबर लेव्हल.

माळ्यावर वायरिंग तर बघण्यासारखंच होतं. पांढऱ्या चिनी मातीच्या गोट्यांवरून ताणलेल्या उघड्या तारा, तुळईतून जाताना चिनी मातीची नळी. अर्ध्या घराला नवीन वायरिंग होतं, अर्धं ह्याच्यावर. मिक्सर आणि मायक्रोवेव्ह एकदम लावले की फ्यूज जायचा, आणि फ्यूज म्हणजे खरा फ्यूज, काचेचा, पिळून बसवायचा. मुलीला अंधारात टॉर्च घेऊन तळघरात जायला फार आवडायचं, मला नाही, कारण तळघराचं दार कॉर्निश माणसाच्या उंचीचं आहे आणि वरची चौकट दगडी.

तरी साडेतीन स्टार का? कारण ज्याने ते घर बांधलं त्याला दगड कळत होता. पाया आणि मागची भिंत चुन्याशिवाय नुसती दगडावर दगड बसवून रचलेली, आणि त्या भिंतीत पावणेतीन वर्षांत एक खडा हलला नाही. तळघर ऑगस्टमध्येसुद्धा गार. बाहेर ३८ डिग्री असताना आम्ही कांदे-बटाटे, दही, आणि एका दुपारी स्वतःलाही तिथंच ठेवलं.

आता आग. इथं राहायचं म्हणजे हा विषय रोजचा आहे, लपवून काही उपयोग नाही.

राहायला येऊन तीन आठवडे झाले होते, अजून अर्धी खोकी उघडायची होती. ४ ऑगस्टला दुपारी दक्षिणेला धुराचा खांब उभा राहिला, पांढरा, मग तपकिरी, मग वरून फुलकोबीसारखा. कोलफॅक्सजवळ बेअर नदीकाठी पेटलेलं, तीच ती रिव्हर फायर. आमच्या झोनला (आग आली की गाव ज्या भागाभागांनी रिकामं करतात तो भाग) निघायचा हुकूम आला नाही, पण शेजारच्या काकांनी येऊन विचारलं, तुमचा झोन नंबर काय? आम्हाला माहीतच नव्हता. त्यांनी एवढंच म्हटलं की पत्त्याआधी तो पाठ करा. मग त्यांनीच शिकवलं की गाडी रात्री नेहमी तोंड रस्त्याकडे करून लावायची, टाकी अर्ध्याखाली जाऊ द्यायची नाही, पासपोर्ट आणि औषधं एका पिशवीत दाराशी, आणि पोलिसांच्या गाडीचा भोंगा नेहमीसारखा न वाजता उंच-खाली उंच-खाली असा दोन सुरांत वाजला तर प्रश्न न विचारता निघायचं. त्या आगीत शंभरावर घरं-इमारती गेल्या. ती पिशवी मार्च २०२४ पर्यंत दाराशीच होती, सासूबाई आल्यावर त्यांनी त्यात मारुती स्तोत्र टाकलं.

गंमत अशी की (गंमत नाही म्हणा) ह्या गावांचं जे रूप बघायला लोक येतात ते आगीनेच दिलंय. १८५५ मध्ये ग्रास व्हॅली जळालं, तीनशेच्या वर इमारती, पुढच्या वर्षी नेवाडा सिटी जळालं. सगळं लाकडी होतं. मग व्यापाऱ्यांनी विटांच्या भिंती बांधल्या आणि दारं-खिडक्यांना जाड लोखंडी झडपा बसवल्या, आग आली की बंद करायच्या. आज त्याच झडपांना हिरवा रंग देऊन त्यांच्यापुढे लग्नाआधीचे फोटोशूट होतात. घरं मात्र लाकडीच राहिली.

नियम असा की घराभोवती शंभर फुटांपर्यंत वाळकं गवत, पाचोळा, खालच्या फांद्या साफ ठेवायच्या. भाडेकरू असलो तरी लीजमध्ये लिहिलेलं की हे काम आमचं, वाचताना मला वाटलं अंगण झाडायचंय. अंगण कुठलं, उतारावरचं रान. पहिल्या वसंतात नवऱ्याने हौसेने हातमोजे घालून झुडपं उपटली आणि दुसऱ्या दिवशी मनगटापासून कोपरापर्यंत फोड. पॉयझन ओक. तीन-तीन चकचकीत पानांचा झुपका असतो, हिवाळ्यात पानं गळून नुसती काटकी राहते तरी तेवढीच चावते, आणि जाळली तर धूर फुफ्फुसात जातो म्हणून जाळायचीही नाही. स्किनच्या डॉक्टरची अपॉइंटमेंट सात आठवड्यांनी मिळाली, तोपर्यंत हात बरा होऊन विषय संपला होता. हाच प्रकार सगळ्याच स्पेशालिस्टचा, गावात हॉस्पिटल आहे पण जरा वेगळं काही झालं की रोझव्हिल किंवा सॅक्रामेंटो गाठायचं.

आणि इन्शुरन्स. २०१८ मध्ये पॅराडाइज हे असंच पायथ्याचं गाव एका दिवसात जळालं, ८५ माणसं गेली, त्यानंतर ह्या सगळ्या पट्ट्यात कंपन्यांनी पॉलिसी रिन्यू करायला नकार द्यायला सुरुवात केली. मालकीणबाईंनाही दुसऱ्या वर्षी पत्र आलं, इतकी वर्षं हप्ते भरून एका कागदावर नमस्कार. ज्यांना कोणी घेत नाही त्यांच्यासाठी कॅलिफोर्नियात फेअर प्लॅन म्हणून शेवटचा आसरा आहे, तो महाग आणि त्यात मुख्यतः आगीचंच कव्हर, बाकीचं वेगळं घ्यायचं. त्या आमच्या व्हरांड्यात बसून कागद दाखवत होत्या आणि मी चहा देत होते, आणि चहा संपल्यावर त्यांनी भाडं २५० डॉलरने वाढवल्याचं सांगितलं. रागही धड येईना. म्हणून सांगते, असं घर बघायला गेलात तर मालकाला पहिला प्रश्न इन्शुरन्सचा विचारा, बाकीचं नंतर.

हिवाळा. लोकांना वाटतं पायथा आहे म्हणजे बर्फ नाही. डिसेंबर २०२१ मध्ये नाताळच्या नंतर एका रात्रीत एवढा ओला, जड बर्फ पडला की ओकच्या फांद्या बंदुकीच्या बारासारख्या फुटत होत्या. रात्रभर ठो, ठो, आणि मग तारांवर पडल्याचा निळा उजेड. आमच्याकडे नऊ दिवस लाइट नव्हते, वर डोंगरावर काहींकडे त्याहून जास्त. गॅसची भट्टी होती पण तिचा पंखा विजेवर, म्हणजे ती नुसती शोभेची. जे चाललं ते हॉलमधलं जुनं लोखंडी वुडस्टोव्ह. नऊ दिवस त्याच्यावर डाळ-भात, त्याच्यावर आंघोळीचं पाणी, त्याच्यापुढे तिघांच्या गाद्या.

आणि इथंच तो लाकूडवाला येतो. सरपण इथं कॉर्डवर विकतात, चार फूट रुंद, चार फूट उंच, आठ फूट लांब अशी रास म्हणजे एक कॉर्ड. ऑक्टोबरमध्ये एकाकडून वर्षभर वाळवलेलं ओक म्हणून कॉर्डभर घेतलं, आम्हाला काय कळतंय, लाकूड ते लाकूड. ते आतून ओलं निघालं. पेटवलं की टोकांतून फेस येऊन चुरचुरायचं, घरभर धूर, चिमणीत काजळी. फोन केला तर म्हणे पावसात ठेवलं असेल तुम्ही. शेवटी शेजारच्या काकांनी त्यांच्यातलं वाळकं दिलं आणि शिकवलं की दोन ओंडके एकमेकांवर आपटून बघायचे, टणटण वाजलं तर वाळलंय, थप्प वाजलं तर ओलं. आपण नारळ वाजवून घेतो तसंच की हो. पुढच्या वर्षी मी ट्रकमधलं प्रत्येक चौथं लाकूड वाजवून घेतलं.

त्या नऊ दिवसांत नळाला पाणी मात्र चालू होतं, कारण गावाचं पाणी डोंगरावरून उताराने येतं, पंपावर अवलंबून नाही. ज्यांच्या विहिरी होत्या ते बर्फ वितळवत होते. हे पाण्याचं प्रकरण मला सगळ्यात आवडलं म्हणून जरा लांबवते. सोन्यासाठी डोंगर धुवायला पाणी लागायचं, म्हणून १८५० च्या दशकापासून लोकांनी वरच्या नद्यांमधून मैलोन्‌मैल पाट खणले. खाणी गेल्या, पाट राहिले, आणि १९२१ मध्ये शेतकऱ्यांनी मिळून नेवाडा इरिगेशन डिस्ट्रिक्ट काढली, तीच आज पाणी देते. बॅनर माउंटनवरच्या आमच्या एका ओळखीच्यांकडे सफरचंदाची बाग आहे, त्यांना पाटाचं पाणी मिळतं, १५ एप्रिल ते १४ ऑक्टोबर, आणि ते मोजतात मायनर्स इंचात! खाणवाल्यांचं माप. एक इंच म्हणजे मिनिटाला सव्वाअकरा गॅलन, साधारण ४२ लिटर. पाटावर फिरून झडपा बघणारा माणूसही आहे, टोपी घातलेला आपला पाटकरीच. मी नवऱ्याला म्हटलं, ह्या देशात आल्यापासून पहिल्यांदा कोणाचा तरी जॉब मला न सांगता कळला.

आणि ह्या पाटांच्या कडेने चालायला मिळतं. पाणी हळू वाहावं म्हणून पाट डोंगराला जवळपास सपाट वळसा घालत जातात, त्यामुळे बाकी सगळीकडे चढ-उतार असलेल्या ह्या भागात गुडघे दुखणाऱ्यांनाही मैल-दोन मैल झाडाखालून चालता येतं. सकाळी सात वाजता कॅस्केड कॅनॉलवर गेलात तर निम्मं गाव भेटतं, सगळे साठीच्या पुढचे, सगळ्यांकडे कुत्रा. सासूबाईंच्या तिथं मैत्रिणी झाल्या, भाषा न येता. त्या साडीवर स्वेटर आणि स्पोर्ट्स शूज घालून जायच्या आणि दोन दिवस नाही दिसल्या तर लोक मला विचारायचे, मदर-इन-लॉ बरी आहे ना.

पाण्याची दुसरी बाजूही सांगायला हवी. नेवाडा सिटीपासून डोंगरात आत मालाकॉफ डिगिन्स आहे, तिथं मोठ्या तोफेसारख्या नळांनी पाण्याचा मारा करून अख्खा डोंगर विरघळवलाय. आता तिथं लाल-पांढऱ्या कड्यांची भलीमोठी दरी आहे, दिसायला सुंदर, म्हणजे जखम सुंदर असू शकते तेवढी. तो सगळा गाळ नदीतून खाली शेतकऱ्यांच्या डोक्यावर गेला, मेरिसव्हिल बुडायला लागलं, ते कोर्टात गेले आणि १८८४ मध्ये जज सॉयर यांनी गाळ नदीत सोडायला बंदी घातली. पर्यावरणाच्या अगदी जुन्या मोठ्या निकालांपैकी एक. सोनं धरून ठेवायला वापरलेला पारा मात्र अजून गाळात आहे, म्हणून तळ्यावर मासे पकडणार असाल तर कुठला मासा किती खायचा त्याचा सरकारी बोर्ड आधी वाचा. युबा नदीत पोहायला उन्हाळ्यात जा, मे महिन्यात नको, तेव्हा वरचा बर्फ वितळून पाणी अंगावरून निघून जातं आणि माणसालाही घेऊन जातं.

सोनं अजून सापडतं का, हा प्रश्न आम्हाला प्रत्येक व्हिडिओ कॉलवर यायचा. सापडतं. साउथ युबाच्या स्टेट पार्कमध्ये हाताने आणि परातीने चाळायला परवानगी आहे, मशीन नाही. सासूबाईंना घेऊन आम्ही ब्रिजपोर्टला गेलो, तिथं १८६२ चा लाकडी छपराचा पूल आहे, तेव्हा नुकताच दुरुस्त करून उघडलेला. काठावर एक दाढीवाला तरुण मोठ्या उत्साहात शिकवत होता, परातीत वाळू घ्या, पाण्यात धरा, असं गोल फिरवा, हलकं वरून जाऊ द्या. आई दोन मिनिटं बघत राहिल्या. मग मला म्हणाल्या, "अगं, हे तर तांदूळ घोळणं झालं." पदर खोचला, उकिडव्या बसल्या, परात हातात घेतली आणि मनगटाच्या त्या एका झटक्याने, जो मला वीस वर्षांत जमला नाही, वरची वाळू पाण्याबरोबर सोडून दिली. पुन्हा पाणी, पुन्हा झटका. चौथ्या खेपेला परातीच्या कडेला काळ्या वाळूची चंद्रकोर उरली आणि तिच्या टोकाला तीन कण. मोहरीच्या सालीएवढे. उन्हात धरले की पिवळे, सावलीत धरले तरी पिवळेच, त्या मुलाने सांगितलं की खोटं असतं तर सावलीत विझलं असतं. तो आईंकडे बघतच राहिला. आई म्हणाल्या, ह्यात काय एवढं, आमच्याकडे सराफकट्ट्यात झारेकरी गटारातल्या मातीतून काढतात. मी त्याला ते भाषांतर करून सांगायला गेले आणि अर्ध्यात सोडून दिलं.

एम्पायर माइन स्टेट पार्क घरापासून दहा मिनिटांवर, पाहुणा आला की तिथं न्यायचं, आम्ही निदान पंधरा वेळा गेलो असू. १८५० ते १९५६ ही खाण चालली, ५८ लाख औंस सोनं काढलं, आणि खाली ३६७ मैलांचे बोगदे आहेत. मालक बोर्न यांचा दगडी बंगला, गुलाबाची बाग वगैरे ठीक, फोटोपुरतं. खरी बघायची गोष्ट म्हणजे आतल्या एका खोलीतलं मॉडेल. जमिनीखालच्या सगळ्या बोगद्यांचा तारांचा सांगाडा, खाण चालू असताना ही खोली गुप्त असायची, कारण शेजारच्या कंपनीला कळायला नको की आपण कुठं पोचलोय. मुलीने विचारलं, आपलं घर कुठंय ह्यात? गाइडबाईंनी काचेवर बोट ठेवलं, साधारण इथं. त्याच्याखाली तारांचं जाळं. घरी येऊन तिने दोन दिवस उडी मारली नाही.

तेव्हा हेही कळलं की इथं जमीन एकाची आणि तिच्या खालचं खनिज दुसऱ्याचं असू शकतं. आमच्या मुक्कामात गावात हाच एक वाद धुमसत होता, आयडाहो-मेरीलँड ही बंद खाण पुन्हा सुरू करायची का. सोन्याचे भाव चढलेले. जिकडे बघावं तिकडे अंगणात विरोधाच्या पाट्या, लोकांना भीती की खालून पाणी उपसलं तर विहिरी आटतील. फेब्रुवारी २०२४ मध्ये काउंटीच्या, म्हणजे जिल्ह्याच्या, सुपरवायझरांनी एकमताने नाही म्हटलं. ज्या गावात प्रत्येक दुकानाच्या पाटीवर कुदळ आणि फावडं आहे त्या गावाने खाण नको म्हटलं, ह्यावर आमच्याकडे आठवडाभर जेवताना चर्चा.

गावाचे साडेचार स्टार कशाचे? एक, मिल स्ट्रीट गाड्यांना बंद करून चालायला मोकळा केलाय. तिथंच पुढे लोला मॉन्टेझचं घर, ही नाचणारी बाई बव्हेरियाच्या राजाची प्रेयसी होती, लहानपण काही काळ हिंदुस्थानात गेलेलं, १८५३ मध्ये इथं येऊन राहिली आणि अस्वल पाळलं. खाणकामगारांच्या गावात ह्यापेक्षा कमी काही चाललं नसतं. दोन, नॉर्थ स्टार खाणीचं म्युझियम, तिथं तीस फुटी पेल्टन चाक आहे, पाण्याच्या धारेवर फिरणारं, वाट्यांसारख्या पात्यांचं. नवरा तिथून निघायला तयार नसतो. तीन, पेस्टी. कॉर्निश खाणकामगारांचा डबा, आपल्या करंजीचा थोरला भाऊ, तशीच मुरड, आत मांस-बटाटा-कांदा-सलगम. शाकाहारीही मिळते, बरी असते, थोडी मिळमिळीत, घरून लसणाची चटणी न्यावी. गावात पेस्टीची दुकानं आहेत आणि कुठली खरी ह्यावर कायमची भांडणं.

अर्धा स्टार कापला तो वाणसामानासाठी. कढीपत्ता, चांगली तूरडाळ, ज्वारीचं पीठ पाहिजे तर हायवे ४९ ने ऑबर्नमार्गे रोझव्हिल, एका बाजूला तासभर, आणि तो रस्ता बऱ्याच ठिकाणी दोनच लेनचा, समोरून ट्रक, मागून घाई करणारा पिकअप. महिन्याचं एकदम आणायचं. आणि पार्सल! नेवाडा सिटी हे गाव नेवाडा काउंटीत, पण कॅलिफोर्निया राज्यात, शेजारी नेवाडा राज्य वेगळंच, खरंतर नाव गावाने आधी घेतलं होतं. कस्टमर केअरला पत्ता सांगताना काउंटीचं नाव चुकूनही तोंडातून काढू नका. आमचा एक कुकर नेवाडा राज्यातलं रेनो फिरून आला.

माणसं चांगली. वय जास्त, रंग एकच, मतं दोन टोकांची. एका घरावर प्रार्थनेच्या तिबेटी पताका, शेजारी मोठ्या टायरचा पिकअप आणि झेंडा, आणि लाइट गेले की दोघं एकाच जनरेटरवर फ्रीज चालवतात. आमच्यासारखे दिसणारे कमी. दुकानात कोणी योगाबद्दल बोलायला लागलं की समजायचं आनंदा व्हिलेजकडचा आहे, योगानंदांच्या शिष्याने १९६० च्या दशकाच्या शेवटी वसवलेली वस्ती, तिथल्या बागेत एप्रिलमध्ये ट्यूलिप बघायला रांग लागते. मला साडी नेसलेली बघून एकीने संस्कृतात श्लोक म्हणून दाखवला, माझ्यापेक्षा शुद्ध. आणि एक गोष्ट ह्या गावाच्या ब्रोशरमध्ये बारीक अक्षरांत असते, ती मोठ्याने लिहिते. सोनं सापडायच्या आधी इथं निसेनान लोक राहत होते, अजूनही आहेत, आणि सरकारने त्यांच्या जमातीची मान्यता १९६४ मध्ये काढून घेतली, ती परत मिळवायला ते अजून झगडताहेत. माझ्या मुलीच्या शाळेत त्यांच्यातल्या एक बाई एकर्नची, म्हणजे ओकच्या फळांची, पेज कशी करतात ते सांगायला आल्या होत्या, मुलीला बाकी कुठल्याही फील्ड ट्रिपपेक्षा तेच जास्त आठवतं.

डिसेंबरमध्ये मात्र नक्की या. शुक्रवारी संध्याकाळी ग्रास व्हॅलीत कॉर्निश ख्रिसमस, कॉर्निश कॅरोलवाले रस्त्यात उभे राहून गातात, आणि चार मैलांवर नेवाडा सिटीत गॅसच्या दिव्यांखाली जुने कपडे घातलेले लोक भाजलेले चेस्टनट विकतात. गर्दी असते, पार्किंग मिळत नाही, पाय गारठतात. आम्ही तीनही वर्षं गेलो.

मार्चमध्ये नवऱ्याला दुसरीकडे काम मिळालं म्हणून सोडलं. डिपॉझिटमधून मालकीणबाईंनी चिमणी साफ करायचे पैसे कापले (ओल्या लाकडाची काजळी, मान्य) आणि लाटण्याच्या टेकूने खिडकीच्या चौकटीला पडलेल्या खळग्याचे चाळीस डॉलर, हे मला मान्य नाही, दोऱ्या दुरुस्त करा म्हणून मी तीनदा ईमेल केला होता. सोन्याचे तीन कण छोट्या बाटलीत पाण्यात घालून आई घेऊन गेल्या, देव्हाऱ्यात ठेवलेत.

घर पुन्हा भाड्याला लागलंय असं काकांनी कळवलं, भाडं आता २,८०० म्हणे. बघायला गेलात तर तळघर उघडायला लावा, दिव्याचा स्विच दाराच्या आत उजव्या हाताला जरा खालीच आहे, तो सापडेपर्यंत डोकं वर करू नका.